नडगी दुखत होती, मूळ गळ्यात निघालं

हाडाच्या एक्स-रेत किंवा एमआरआयमध्ये गाठ दिसली असेल आणि रक्तातलं कॅल्शियम अजून कुणी तपासलं नसेल, तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन (गळ्यातल्या छोट्या ग्रंथींचा, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारा) तपासून घ्यायचं का? माझ्या आजारपणात हा प्रश्न फार उशिरा आला. तोपर्यंत घरातल्या सगळ्यांनी मला कॅन्सर झालाय असंच धरलं होतं.

मी वडगाव बुद्रुकला राहते, वय ४४, एका सहकारी बँकेत नोकरी. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या सुमारास, डाव्या पायाची नडगी दुखायला लागली. लागलं नव्हतं, पडले नव्हते. रात्री कूस बदलताना कळ यायची आणि जिना उतरताना पाय टाकायची भीती वाटायची. त्याआधी वर्षभर थकवा होताच. तहान खूप लागायची, रात्री लघवीला दोन-तीनदा उठावं लागायचं, पोट साफ व्हायचं नाही. २०२० मध्ये मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. या सगळ्या गोष्टी मी वेगवेगळ्या डॉक्टरांना वेगवेगळ्या वेळी सांगितल्या होत्या. त्या एकाच आजाराच्या आहेत, हे कळायला कुणीतरी त्या एकत्र ऐकायला हव्या होत्या.

डिसेंबरभर गोळ्या आणि शेक झाला. ८ जानेवारी २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला. नडगीच्या हाडात मधोमध काळा डाग होता, हाड आतून पोखरल्यासारखं. त्यांनी लगेच एमआरआय सांगितला (७,५०० रुपये) आणि पायावर भार न देता वॉकर घ्यायला लावला. एमआरआयच्या रिपोर्टात ‘जायंट सेल ट्यूमर’ची, म्हणजे हाड पोखरणाऱ्या एका गाठीची, शक्यता लिहिली होती. तिथून हाडांच्या कॅन्सरच्या सर्जनकडे चिठ्ठी मिळाली.

सर्जनची वेळ मिळायला दहा-बारा दिवस लागले. त्यांनी पेट स्कॅन (शरीरभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) करून यायला सांगितलं. त्याचे १६,००० रुपये भरले. रिपोर्ट मोबाईलवर आला तो संध्याकाळी. नडगी, डावी बरगडी आणि कमरेचं हाड अशा तीन ठिकाणी डाग चमकत होते, आणि खाली ‘हाडांत पसरलेला आजार असू शकतो’ अशा अर्थाचं वाक्य. मूळ कॅन्सर कुठे आहे ते मात्र सापडलेलं नव्हतं. त्या रात्री आम्ही कुणी जेवलो नाही. नवऱ्याने गच्चीवर जाऊन भावाला फोन केला, आणि मुलगी अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून माझ्याच शेजारी झोपली. हे सांगते कारण अशी रात्र अजूनही कुणाकुणाच्या घरात येत असेल. स्कॅनमध्ये चमकणारं सगळं कॅन्सर नसतं. माझ्या हाडांतल्या या गाठीही पेट स्कॅनमध्ये चमकतात, हे मला नंतर कळलं.

२ फेब्रुवारीला नडगीची सुईने बायोप्सी झाली. भूल फक्त तेवढ्या भागाला दिली. दुखतं ते सुई आत जाताना नाही, संध्याकाळी भूल उतरल्यावर. तेव्हा दुखण्याची गोळी आधीच विचारून ठेवा. रिपोर्टला आठवडा लागला. त्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी भरपूर होत्या. शेवटी पॅथॉलॉजिस्टनी एक ओळ टाकली होती, तिचा अर्थ असा: हे चित्र जायंट सेल ट्यूमरमध्येही दिसतं आणि हायपरपॅराथायरॉइडिझमच्या (पॅराथायरॉइड हार्मोन बेसुमार वाढण्याच्या आजारातल्या) ब्राउन ट्यूमरमध्येही दिसतं, रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) तपासून ठरवावं. त्या पॅथॉलॉजिस्टना मी कधी भेटले नाही. त्यांची ती ओळ नसती तर हाड खरवडून त्यात सिमेंट भरायची तारीख ठरली असती. सर्जननीही ती ओळ वाचून तिथल्या तिथे पेन थांबवलं आणि म्हणाले, “आधी हे रक्त करून आणा. तोवर हाडाला हात लावायचा नाही.”

१२ फेब्रुवारीला रक्त दिलं. कॅल्शियमला २५० रुपये आणि पीटीएचला १,४०० रुपये. एवढ्यात सगळं फिरलं. कॅल्शियम १२.८ आलं, वरची मर्यादा १०.५ च्या आसपास असते. फॉस्फरस कमी, २.०. अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांत झीज-भर जास्त चालली की वाढतं) ६४०. पीटीएच, जे साधारण १५ ते ६५ असायला हवं, ते माझं १,१८० होतं. ड जीवनसत्त्व फक्त ९.

रक्त देताना काही गोष्टी उपयोगी पडतात. दंडाला बांधलेला पट्टा फार वेळ ठेवला तर कॅल्शियम खोटं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून शीर लगेच सापडत नसेल तर पट्टा सैल करायला सांगा. कॅल्शियमसोबत अल्ब्युमिनही (रक्तातलं एक प्रथिन) करा, कारण खरं कॅल्शियम त्यावरून हिशेब करून काढतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. त्याने पीटीएचचा आकडा चुकू शकतो आणि काही दिवस आधी त्या बंद करायला लावतात.

एन्डोक्रायनॉलॉजिस्टची (हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांची) वेळ त्याच आठवड्यात मिळाली. एरंडवण्यातल्या त्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच तहान, थकवा, बद्धकोष्ठता, मुतखडा आणि नडगी एका दमात विचारलं. मग समजावून सांगितलं. गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या मागे चार छोट्या ग्रंथी असतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढी. रक्तातलं कॅल्शियम नीट ठेवणं एवढंच त्यांचं काम. त्यातली एखादी वाढते आणि हार्मोन बेसुमार सोडत राहते. तो हार्मोन हाडं झिजवणाऱ्या पेशींना कामाला लावतो, हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं, मूत्रपिंडातून बाहेर पडताना खडे होतात. हाड जिथे जास्त झिजतं तिथे तंतुमय पेशी आणि जुन्या रक्तस्रावाचा लोहयुक्त अंश साठतो, त्याने गाठ तपकिरी दिसते, म्हणून ‘ब्राउन ट्यूमर’. ती गाठ म्हणजे वाढत जाणारा ट्यूमर नव्हेच. मूळ बंद झालं की हाड भरून येतं.

घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, दुखतोय पाय आणि ऑपरेशन गळ्याचं? दुसऱ्या कुणाला तरी दाखव.” त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं, डॉक्टरांनाही शंभर वर्षांपूर्वी हेच कळत नव्हतं. व्हिएन्नात फेलिक्स मांडल नावाच्या सर्जनकडे हाडं अशीच पोखरलेला एक ट्राम कंडक्टर आला. तेव्हाची समजूत अशी की हाडं बिघडली म्हणून ग्रंथी वाढते. त्यामुळे मांडलनी आधी त्याला वरून आणखी पॅराथायरॉइडच दिली. फरक पडला नाही. मग १९२५ मध्ये गळा उघडून वाढलेली ग्रंथी काढली आणि त्याच्या हाडांचं दुखणं कमी झालं. या ग्रंथी माणसात पहिल्यांदा नोंदवल्या त्या स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने, १८८० मध्ये. त्याच्याही आधी रिचर्ड ओवेन यांना त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात दिसल्या होत्या. गेंड्याची गोष्ट ऐकून सासूबाई पहिल्यांदा नीट बसून ऐकायला लागल्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या की जिथे कॅल्शियमची तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीतच होते, तिथे हा आजार हाडांपर्यंत पोचायच्या आधीच सापडतो. आपल्याकडे ती वेगळी सांगावी लागते आणि वर ड जीवनसत्त्वाची कमतरता असते, म्हणून हाडं पोखरलेले पेशंट अजूनही येतात.

मग तपासण्यांची रांग. चोवीस तासांची लघवी गोळा करायला लॅब पाच लिटरचा डबा देते. पहिल्या दिवशी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली डब्यात घ्यायची. ही रविवारी करा, नाहीतर डबा घेऊन ऑफिसात जावं लागतं. लघवीत कॅल्शियम फार कमी निघालं तर तो कुटुंबात चालत आलेला वेगळा प्रकार असू शकतो आणि त्यात ऑपरेशन करत नाहीत, म्हणून ही तपासणी टाळता येत नाही. माझ्या लघवीत कॅल्शियम भरपूर होतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये (३,००० रुपये) कंबर आणि खुब्याबरोबर मनगटाजवळच्या हाडाचंही मोजमाप घ्यायला सांगा. या आजारात तिथे झीज जास्त दिसते आणि नेहमीच्या पॅकेजमध्ये ते मोजमाप असेलच असं नाही. हाताच्या एक्स-रेत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेराची अंगठ्याकडची कड कुरतडल्यासारखी दिसली. डॉक्टरबाईंनी तो एक्स-रे प्रकाशाच्या पाटीवर लावून मला दाखवला आणि म्हणाल्या, “हा एक फोटो जानेवारीत निघाला असता तर पुढचं बरंच वाचलं असतं.” सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत बारीक खडे होते.

चारांपैकी कुठली ग्रंथी बिघडली ते शोधायला गळ्याची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन झाला, २७ फेब्रुवारीला, ९,००० रुपये. किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देतात, पंधरा मिनिटांनी एक फोटो आणि साधारण दोन तासांनी दुसरा. थायरॉइडमधलं औषध तोवर ओसरतं, बिघडलेल्या पॅराथायरॉइडमध्ये टिकून राहतं. मधल्या वेळात काही वाचायला न्या आणि पाणी भरपूर प्या. औषध त्याच दिवसासाठी तयार केलेलं असतं, त्यामुळे ठरलेली वेळ चुकवू नका. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. आमच्या शेजारच्या वहिनींना सातवा महिना होता, त्यांना आधीच सांगून ठेवलं. दोन्ही तपासण्यांत जागा एकच आली: उजवी खालची ग्रंथी, जवळपास अडीच सेंटिमीटर. दोन तपासण्या एकमेकींशी जुळल्या की सर्जनला पूर्ण गळा न उघडता छोट्या चिरेतून जाता येतं.

ऑपरेशनची तारीख २१ मार्च ठरली. तोवर भरपूर पाणी, सलाईनसाठी मधे एकदा डे-केअर, ड जीवनसत्त्व जपून थोडं थोडं, आणि नडगीला धक्का नाही. माझी एक लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी होती, ती डॉक्टरबाईंनी बदलली, कारण त्या प्रकारच्या गोळीने कॅल्शियम आणखी वाढतं. तुम्ही रोज घेत असाल ती प्रत्येक गोळी पहिल्याच भेटीत समोर ठेवा.

विम्याचं इथेच लिहिते. कॅशलेससाठी टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणारी संस्था) डेस्कवर कागद आठवडाभर आधी दिले. तिसऱ्या दिवशी प्रश्न आला: २०२० मध्ये मुतखडा होता, म्हणजे हा आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा नाही का? हा प्रश्न वाचून मला रडू आलं, कारण मुतखडा मी पॉलिसीच्या फॉर्मवर लिहिलेला होता. तीन कागदांनी काम झालं. एक, त्या फॉर्मची प्रत. दोन, डॉक्टरबाईंचं पत्र, की पॅराथायरॉइडचं निदान १२ फेब्रुवारी २०२४ च्या रक्ततपासणीत पहिल्यांदा झालं. तीन, बायोप्सीचा रिपोर्ट. असं पत्र मागायला संकोच करू नका, डॉक्टर देतात. कॅशलेसला एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचा विमा नियामकाचा नियम मे २०२४ मध्ये आला, म्हणजे माझ्यानंतर. तुम्ही तो डेस्कवर सांगू शकता. दाखल होण्याआधीच्या तपासण्यांची बिलं नंतर मागता येतात. माझ्या पॉलिसीत आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस धरतात. प्रत्येक बिलावर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पूर्ण नाव हवं.

२० मार्चला दाखल झाले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिलं, कारण आवाजाची नस या ग्रंथींना लागून जाते. संमतीच्या कागदावर आवाज बसणं, कॅल्शियम एकदम उतरणं आणि ग्रंथी न सापडणं असे तीन धोके वाचायला दिले. मी सही करताना हात नवऱ्याचाच थरथरत होता.

ऑपरेशन तासाभरात झालं. भूल दिलेली असतानाच रक्तातला पीटीएच मोजतात. हा हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतो, म्हणून ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी आकडा निम्म्याच्या खाली आला तर मूळ सापडलं असं धरतात. माझा १,१८० च्या जवळून १९० वर आला. ही सोय सगळीकडे नसते, सर्जन निवडताना विचारा. काढलेल्या ग्रंथीचं वजन सहा ग्रॅम भरलं, तर निरोगी ग्रंथी ग्रॅमच्या विसाव्या भागाएवढीही नसते.

संध्याकाळी आवाज थोडा घोगरा होता, दुसऱ्या दिवशी चहा प्यायले, पाय कित्येक महिन्यांनी शांत होता. मला वाटलं झालं सगळं. तिसऱ्या दिवशी पहाटे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग हात आखडायला लागले. निवासी डॉक्टरांनी कानापुढे गालावर टिचकी मारली तर ओठाचा कोपरा उडाला. कॅल्शियम ७.१ वर आलं होतं. हार्मोनचा अंमल संपल्यावर वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढलेलं असेल आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर हे होण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी ते प्रत्यक्ष झालं तेव्हा मी घाबरले. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सुरू केलं, मॅग्नेशियमही दिलं, दर सहा तासांनी रक्त. शिरेत आग व्हायला लागली किंवा हात सुजला तर नर्सना त्याच क्षणी सांगा. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीला इजा करतं. दिवसपाळीच्या नर्सताई दर फेरीला माझी बोटं दाबून “मुंग्या?” एवढंच विचारायच्या. त्या प्रश्नाचा मला फार आधार होता.

२८ मार्चला सोडलं. बिल २,३८,००० रुपये, त्यातले २९,००० आम्ही भरले: हातमोजे, किट, आणि खोलीच्या दरातला फरक. मंजुरी येईपर्यंत दुपार गेली, तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी जेवणाचा डबा घरून मागवून ठेवा.

घरी गोळ्या मोजून घ्यायचं खरं काम सुरू झालं. कॅल्शियम कार्बोनेट दिवसातून चार वेळा, जेवणाखाण्याबरोबर, कारण ते रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही. सोबत कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं लगेच कामाला येणारं रूप). थायरॉइडची किंवा लोहाची गोळी असेल तर मधे काही तासांचं अंतर ठेवायचं, किती ते डॉक्टरांना विचारा. मुलीने मोबाईलवर गजर लावून दिले. पाडव्याला, ९ एप्रिलला, सगळे गुढीच्या घाईत असताना दुपारची गोळी राहिली आणि संध्याकाळी ओठ झिणझिणले. त्यानंतर एक पट्टी पर्समध्ये आणि एक बँकेतल्या खणात. आठवड्याला रक्त, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. अल्कलाइन फॉस्फटेज आधी वाढलं, मग उतरायला लागलं. वाढलेला आकडा बघून घाबरू नका, हाड भरत असताना तसं होतं.

ग्रंथीचा रिपोर्ट एप्रिलमध्ये आला: साधा अडेनोमा, कॅन्सर नाही. पीटीएच एवढं जास्त असलं की ती शंका असतेच, त्यामुळे तो कागद हातात आल्यावर नवऱ्याने तो दोनदा मोठ्याने वाचला.

जूनअखेर पालख्या पुण्यात आल्या, त्याच आठवड्यात पुन्हा एक्स-रे काढला. नडगीतल्या काळ्या डागाभोवती पांढरी कड आली होती. हाडांच्या सर्जननी जानेवारीचा आणि तो एक्स-रे शेजारी शेजारी ठेवला. प्लेट नाही, सिमेंट नाही, हाडाला काहीच करायचं नाही, असं ते म्हणाले आणि काठी सोडायला परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये कॅल्शियम ९.३ होतं. सहा महिन्यांनी कॅल्शियम नीट असलं की हा आजार बरा झाला असं मानतात. मार्च २०२५ च्या एक्स-रेत डाग जवळजवळ भरलेला होता आणि डेक्साचे आकडेही चांगले सुधारले होते. बरगडीतली गाठ आता दिसत नाही. मूत्रपिंडांतले खडे मात्र आहेत तिथेच आहेत, त्यांच्यासाठी वर्षाला सोनोग्राफी.

ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांच्यातही अशा गाठी होतात. तिथे मूळ मूत्रपिंडात असतं आणि चारही ग्रंथी वाढलेल्या असतात, उपचाराचा मार्ग वेगळा असतो. माझे आकडे त्यांना लावू नका.

हा आजार कधी कधी घराण्यात असतो, म्हणून डॉक्टरबाईंनी भावंडांचं आणि मुलीचं कॅल्शियम करायला सांगितलं. मुलीचं ९.६ आलं. साताऱ्याच्या भावाला दोनदा मुतखडा झालेला, त्याच्याकडे आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. त्याचं ९.४ आलं, पीटीएचही नीट आहे. ताईचं पुढच्या आठवड्यात आहे, मी तिच्याबरोबर लॅबमध्ये जाणार आहे.